खुळखुळ नसलेली कॅसेट

एका जंगलात एक सायाळ राहत होती. तिचं नाव इंदुमती. तिच्या बिळात मावतील तेवढ्या कॅसेटी होत्या. त्या रचून झाल्यावर जी जागा उरली, तीत तिचे यजमान राहत होते.

मुलांनो, तुम्ही विचाराल, एवढ्या कॅसेटी कसल्या? तर त्या जंगलात पूर्वी 'कातळ' नावाचा एक रॉक बँड होता. ड्रमवर अस्वल. गिटारींवर दोन तरस, सख्खे भाऊ, एकमेकांशी अबोला धरलेले. आणि गायला भैरव लांडगा.

कातळच्या कॅसेटी बाजारात राजरोस मिळायच्या, सिंहमहाराजांचा शिक्का मारलेल्या. इंदुमती त्यांना हात लावत नसे. "त्यांत काय ऐकायचं? सगळं बिनचूक!" ती म्हणे.

तिला हव्या असायच्या कार्यक्रमात चोरून टेप केलेल्या. कुणी भोपळ्यात टेपरेकॉर्डर लपवून न्यायचं, कुणी शेपटीखाली. त्या कॅसेटींत भैरव शब्द विसरायचा. तार तुटायची. अस्वलाला शिंक यायची. असल्या कॅसेटी विकत मिळत नसत. त्यांची अदलाबदल चाले. ओढ्याकाठचा कार्यक्रम द्या, वडाखालचा घ्या.

"हे कालचंच गाणं ना गं?" यजमान विचारायचे.

"काल वडाखालचं होतं. हे ओढ्याकाठचं. यात दुसऱ्या कडव्याआधी तो खोकतो."

"असं होय," असं म्हणून यजमान दोन कॅसेटी सरकवायचे आणि पाय लांब करायचे.

पण या सगळ्यांत एक कॅसेट जिवापलीकडची होती. टेकडीवरच्या कार्यक्रमाची. त्या दिवशी भैरवने 'रिकामी गुहा' हे गाणं दोनदा म्हटलं होतं. दुसऱ्यांदा तर ड्रम थांबले, गिटारी थांबल्या आणि तो एकटाच गात राहिला. तसा तो पुन्हा कधी गायला नाही, असं सगळे संग्राहक मानत.

त्या कॅसेटीत एकच खोट होती. खुळखुळ.

ऐन मोक्याला कुणीतरी खुळखुळत होतं. मध्येच "अगं बाई!" म्हणून किंचाळतही होतं. पहिल्यांदा गाणं संपल्यावर भैरव काहीतरी बोलतो, तेही त्या खुळखुळीत बुडालेलं. काही म्हणत, तो 'पाणी द्या' म्हणाला. काही म्हणत, 'गप्प बसा' म्हणाला. यावरून दोन ससे अजूनही एकमेकांच्या घरी जात नाहीत.

"कोण ही बया?" इंदुमती चिडायची. "मी स्वतः होते तिथे. पुढच्या रांगेत. कशी गपगार बसले होते! तेव्हा दिसली असती ना, कानच उपटले असते तिचे."

"अगं, मला वाटतं, ती..."

"श्श! आता तो श्वास घेतो."

यजमान गप्प व्हायचे. इतक्या वर्षांच्या संसारात लांडगा कुठे श्वास घेतो आणि आपण कुठे घ्यायचा, हे त्यांना पाठ झालं होतं.

ते गाणं एकदा, फक्त एकदा खुळखुळीशिवाय ऐकावं, एवढीच इंदुमतीची इच्छा होती.

आणि एके दिवशी बातमी आली. कातळ पुन्हा एकत्र येणार! त्याच टेकडीवर! तरसांचा अबोला सुटला होता. भैरवचे दात पडत चालले होते. म्हणजे हा कार्यक्रम शेवटचाच.

जंगलातल्या सगळ्या संग्राहकांनी सभा घेतली. चारचौघांत कधी न बोलणारी इंदुमती उभी राहिली.

"या वेळी एकही कॅसेट खराब होता कामा नये," ती कळवळून म्हणाली. "टाळी नाही, शिट्टी नाही, शेपूट आपटणं नाही. रडू आलं तर आतल्या आत."

ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या न वाजवता. तेवढाच सराव.

कार्यक्रमाच्या दिवशी इंदुमतीने आपल्या काट्याकाट्याला सावरीचा कापूस गुंडाळला. यजमान बघत राहिले.

"तुला माहिती आहे का, हे तू कशासाठी करते आहेस?" त्यांनी विचारलं.

"खबरदारी म्हणून. दुसऱ्यांना सांगायचं तर आपणही पाळायला नको?"

टेकडी गच्च भरली होती. प्रत्येकाच्या पोटाखाली टेपरेकॉर्डर होता. भैरवने पहिलं गाणं म्हटलं. सुरेख म्हटलं.

शांतता.

दुसरं म्हटलं. त्याहून सुरेख.

शांतता. फक्त कॅसेटी फिरल्याची बारीक कुरकुर.

भैरवने कपाळावर पंजा धरला आणि अंधुक डोळ्यांनी समोर पाहिलं. "आहात ना रे?"

कुणी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर ते टेप झालं असतं. इंदुमतीचे काटे कापसाच्या आत ताठ उभे राहिले. तिने ओठ दाबून धरले.

"चला रे," भैरव तरसांना म्हणाला. "आता आपलं गाणं कुणालाच नको आहे."

अस्वलाने ड्रम उचलले. चौघं टेकडीच्या पलीकडच्या बाजूने उतरून गेले. "थांबा!" असं ओरडावं, असं प्रत्येकाला वाटलं. पण कॅसेट अजून चालू होती.

घरी आल्यावर इंदुमतीला रडू फुटलं. "'रिकामी गुहा' म्हटलंच नाही हो त्याने!"

"म्हणणार कसा? मागच्या वेळी तू होतीस."

"आज नव्हते का?"

"आज कापसात होतीस."

यजमानांनी टेकडीवरची जुनी कॅसेट लावली. खुळखुळ. "अगं बाई!"

"ही तू," ते म्हणाले.

"मी? माझा आवाज इतका चिरका आहे?"

"याहून चिरका आहे. टेपमध्ये जरा बरा आलाय. मी शेजारीच बसलो होतो. त्या खुळखुळीवर तर भाळलो. तुझे काटे थांबेचनात. तेव्हा भैरव म्हणाला, 'कोण खुळखुळतंय गं तिकडे? घे, तुझ्यासाठी परत एकदा.'"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू श्श म्हणायचीस."

कॅसेटीतला भैरव दुसऱ्यांदा गाऊ लागला. इंदुमतीच्या अंगावरचा कापूस बोंडाबोंडाने गळू लागला आणि बीळ काटे वाजून दुमदुमलं. तोवर खरा भैरव दोन डोंगर ओलांडून गेला होता.

आता ती शहाणी झाली, असं तुम्हाला वाटेल. सकाळी दारात ससा उभा होता.

"ताई, तुमची कालची शांतता द्या, माझी घ्या. मी चिंचेच्या बाजूला होतो. 'आहात ना रे?' फार स्वच्छ आलंय."

इंदुमतीने अंगाला उरलेला कापूस झटकला.

"त्याच्यानंतर कुणी खोकत नाही ना?" तिने विचारलं.

"छे! कुणीही नाही."

"मग द्या," ती म्हणाली.

तात्पर्य : मुलांनो, गाणं कितीही आवडलं तरी तसं कळू देऊ नये. गाणारा निघून जातो, पण कॅसेट स्वच्छ येते.