लोंबुटं

ताप एकशे दोन होता. डॉक्टर म्हणाला, जीभ दाखवा. पुंडलिक मास्तरनं जीभ बाहेर काढायच्या ऐवजी टाळूला लावली, बोटानं तिच्या खालची शीर दाखवली आणि तशाच बोबड्या आवाजात डॉक्टरलाच विचारलं, याले जुन्या इंग्रजीत काय म्हणत होते, सांगा. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. असल्या वेळी छतच कामी येतं.

उत्तर मला पाठ होतं. आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ आहे. टुंगे-थ्रुम. टुंगे म्हणजे जीभ आणि थ्रुम म्हणजे थ्रम. हा थ्रम मास्तरच्या अंगात शिरला त्याला आता पंधरा वर्षं झाली, आणि डॉक्टरच्या गोळ्यांनी ताप उतरला तरी तो काही उतरला नाही.

मास्तर शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाले. माझ्या घराला भिंत लागून त्यांचं घर. बायको गेली, मुलगी हैदराबादला. मी तिसरी शिकलो, तीही पुरी नाही. पण चाळीस वर्षं हातमाग चालवला आणि माझ्या लुगड्याचा काठ कोणी नावं ठेवून परत आणला नाही. मास्तरनं जन्मात सुईत दोरा ओवला नसेल. त्यांच्या सदऱ्याची बटणं माझी सून लावून देते. आणि हा माणूस मला माग शिकवायला रोज दुपारी चहाच्या वेळेवर येतो.

विणलेलं कापड मागावरून कापून काढलं की मागच्या बाजूला ताण्याच्या, म्हणजे उभ्या, दोऱ्यांची हात-दीड हात टोकं उरतात. ती विणता येत नाहीत. ती तशीच फणीत राहू द्यायची, नवा ताणा आला की त्याचा एकेक दोरा या जुन्या टोकांना पिळून जोडायचा. म्हणून माग कधी उपाशी राहत नाही. त्या टोकांना इंग्रज थ्रम म्हणतात. शब्द हजार वर्षांचा. "मुळात जा, शामरावजी, मुळात जा," हे मास्तरचं पालुपद. मुळात गेलं की जर्मन लोक भेटतात, त्यांच्याकडे या थ्रमचा सख्खा भाऊ आहे, ट्रुम. त्याचा अर्थ उरलेला तुकडा. त्याच्याही मागे गेलं की नुसतं 'टोक', 'शेवट'. तिकडचे गरीब या टोकांच्या टोप्या करत आणि खलाशी चटया. हे सगळं मास्तरनं भाजीवालीला सांगितलं आहे, गॅसवाल्याला सांगितलं आहे. एकदा पोस्टमनला सांगितलं, तेव्हापासून तो टपाल माझ्या घरी टाकून जातो.

इथपर्यंत मी सोसलं. पण मग मास्तरनं मला विचारलं की आपले विणकर त्याला काय म्हणतात.

आता खरं सांगायचं तर आम्ही त्याला काहीच म्हणत नव्हतो. ते राहू दे, ते काप, बस. पण थंडीत कुडकुडणाऱ्या इंग्रजाजवळ शब्द आहे आणि माझ्याजवळ नाही, हे मी एका मास्तरसमोर कबूल करू? मी म्हटलं, आहे शब्द, आठवला की सांगतो. ही माझी चूक. चार महिने मास्तर रोज चहा पिऊन विचारत, आठवला का? एका दुपारी टीव्हीवर मॅच ऐन रंगात होती, टीव्ही म्हणजे माझ्या बंद पडलेल्या मागाच्याच लाकडावर ठेवलेला, आणि मास्तर बरोबर त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. मी पंख्याकडे पाहिलं आणि तोंडाला आलं ते बोललो.

"लोंबुटं."

मास्तरनं खिशातून वही काढली, दोनदा लिहिलं आणि निघून गेले. संध्याकाळी गल्लीत घरोघरी संत्रा बर्फी वाटली. मुलीच्या लग्नात पाहुण्यांच्या पानात जिलबी मोजून वाढणारा हा माणूस.

मला वाटलं, सुटलो. पण मास्तर शब्द पक्का करायला एसटीनं उमरेडला गेले. तिथल्या म्हाताऱ्या विणकरांना गाठून विचारलं. मी मनात म्हटलं, आता माझी पोलखोल. पण विणकराची जात मी विसरलो होतो. माहीत नाही म्हणणारा म्हातारा आमच्या धंद्यात अजून जन्मायचा आहे. एकानं सांगितलं, आमचे आजोबा हेच म्हणत. दुसऱ्यानं तर मास्तरला झापलं, की खरा शब्द लोंबुटी आहे, तुम्ही नागपूरवाल्यांनी बिघडवला. मास्तर आनंदानं ते दोन्ही लिहून घेऊन आले. मला तर आता त्या इंग्रजांच्या थ्रमचाही भरवसा वाटत नाही. तोही तिकडच्या एखाद्या हट्टी म्हाताऱ्यानं कोण्या मास्तरला दारातून हाकलायला काढला असेल.

मग वाचनालयात मास्तरचं भाषण ठरलं. विषय, थ्रम आणि लोंबुटं. पुढच्या रांगेत मला बसवून शाल आणि नारळ द्यायचं ठरलं. कॉलेजचे प्रोफेसर येणार होते. मास्तरला खोटा शब्द घेऊन त्यांच्यासमोर उभं करणं म्हणजे भर सभेत धोतर सोडणं, आणि गाठ मीच ढिली केलेली. आदल्या दिवशी सकाळी मी सांगून टाकायला त्यांच्या घरी गेलो. आयुष्यात मी माफी मागितलेली नाही. वाटेत दोनदा परत फिरलो.

मास्तर खाटेवर बसले होते. मांडीवर कापडाची एक जुनी पिशवी. कापड विरलेलं, पण तिचा पट्टा शाबूत होता. लाल, हिरव्या, पिवळ्या दोऱ्यांची वेणी घालून केलेला पट्टा. रेशमी आणि सुती टोकं एकात एक. मी हात लावला आणि ओळखलं. कापडाच्या मागे उरलेली तीच टोकं.

त्यांनी सांगितलं ते असं. आई लोकांच्या मागावर दोऱ्याच्या कांड्या भरायला जायची. येताना ही टोकं मागून आणायची आणि वेणी घालून यांच्या दप्तराला पट्टे करायची. शाळेत पोरं त्यावरून चिडवत. यांनी एक दिवस दप्तर नाल्यात फेकलं. आईनं दुसरं करून दिलं. तेच हे.

"तिनं विचारलं होतं, काहून फेकलं गा? मी म्हटलं, घाण हाय ते. घाण म्हटलं मी त्याले." मास्तर पट्टा बोटाभोवती गुंडाळत होते. "दुनियेभरचं विचारलं मी, शामरावजी. तिले कधी नाही विचारलं का तू याले काय म्हणतेस. इंग्रजीत सापडलं, आपल्यात सापडत नव्हतं. तुमच्या घरी कोण म्हणत होतं हा शब्द?"

मी छताकडे पाहिलं. कौलातून ऊन येत होतं.

"माझी माय," मी म्हटलं. "गल्लीतल्या साऱ्याच बाया म्हणत. तुमची मायही म्हणत असंल."

मास्तरनं मान हलवली आणि पिशवी घडी करून उशाशी ठेवली.

भाषण झालं. प्रोफेसरनं दोन प्रश्न विचारले, दोन्ही मास्तरला. मी शाल घेतली, नारळ सुनेला दिला.

माझ्या मागाच्या फणीत शेवटच्या ताण्याची टोकं अजून आहेत. वीस वर्षं झाली, नवा ताणा काही आला नाही. परवा सून टीव्हीखालची धूळ झाडत होती. मी खाटेवरूनच ओरडलो, ते लोंबुटं सांभाळ वं.

तिनं काय ते विचारलं नाही. दोऱ्यांची टोकं अलगद हातावर उचलून धरली आणि खालून फडकं फिरवलं.