जावईबापूंनी कार्ड तापवलं

"कॉम्प्युटर म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" जावईबापूंनी सासरी पाऊल ठेवताच जाहीर केलं. बायकोने कपाळाला हात लावला.

धाकटी मेहुणी इमारतींचे नकाशे करायची. पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. संध्याकाळी गिऱ्हाइकाला अख्ख्या इमारतीची चित्रफीत दाखवायची होती आणि कॉम्प्युटर सकाळपासून एकेक चित्र रंगवत बसला होता. "होईल वेळेत. भावोजी, हात लावू नका हं!" असं बजावून ती प्रिंट काढायला बाहेर गेली.

हात लावणार नाही तो जावई कसला! त्याने चित्रं रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा वेग वाढवला. पण तापमानाची मर्यादा गाठली की कार्ड आपलं पुन्हा मंद. "भित्रं लेकाचं!" म्हणत त्याने ती मर्यादाच पार वर नेऊन ठेवली. चित्रं भराभर येऊ लागली. जावईबापूंची कॉलर ताठ!

इतक्यात कार्डाला गार ठेवणारे पंखे घोंगावू लागले. शेजारच्या खोलीतून सासरेबुवा ओरडले, "घरात गिरणी कोणी चालू केली? झोपू द्या की जरा!"

सासऱ्यांची झोपमोड? छे छे! शहाण्याने पंख्यांचा वेग उतरवला. घर कसं शांत झालं.

मग जळका वास सुटला. "अगंबाई, गॅसवर काय राहिलं?" सासूबाई स्वयंपाकघरात धावल्या. बायकोने इस्त्री तपासली. सासरेबुवा चष्मा चाचपडत उठले. आणि सगळ्यांत हिरिरीने वास शोधत होता कोण? जावई! बाल्कनीतून ओणवा होऊन म्हणतो, "शेजाऱ्यांकडचाच असणार!"

मेहुणी परतली तेव्हा कॉम्प्युटरचा पडदा काळाठिक्कर होता.

"कार्ड जळलंय! तापमानाची मर्यादा कोणी वाढवली?"

सगळ्यांनी जावयाकडे पाहिलं. त्याने चपलांकडे पाहिलं.

"ती कार्डाच्या जिवासाठी असते हो, भावोजी. हळू चाललं असतं, पण झालं असतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. डोळे पुसून, होती तेवढी चित्रं जुन्या लॅपटॉपवर घेऊन ती निघून गेली. जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री ती आली. "चित्रफीत जिन्यातच संपली. वरचे मजले मी हातवारे करून दाखवले! आठवड्याची मुदत दिलीय त्यांनी."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जेवायला बसले. शरमेने जावयाला दरदरून घाम फुटला होता. पंखा वाढवावा म्हणून त्याने रेग्युलेटरकडे हात नेला मात्र, चौघंही एकदम किंचाळले, "हात लावू नका!"

तो मुकाट्याने घाम पुसत जेवला.