अप्पा ढवळ्यांचं सुटं घर

अप्पा ढवळे कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्ची उलटी करून बघत. यजमान चहाचं विचारत असायचे आणि अप्पांचं लक्ष खुर्चीच्या पायांकडे. मग ती सरळ करून तिच्यावर बसत आणि विचारत, "सुटी होते का?" होत नसेल तर ती खुर्ची त्यांच्या मनातून उतरायची, आणि थोडासा यजमानही.

जगातली प्रत्येक वस्तू खोलता आली पाहिजे आणि परत जोडता आली पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. ग्वाल्हेर दरबारच्या बांधकाम खात्यात ते ओव्हरसिअर होते. सिंहस्थाच्या मेळ्यासाठी शिप्रेकाठी लाकडी चौक्या आणि दवाखाने उभे करायचे, मेळा उठला की खोलायचे, नंबर टाकून गोदामात ठेवायचे, हे त्यांचं आवडतं काम. पुढे दरबार गेला, मध्य भारत आला, मग तोही जाऊन मध्य प्रदेश झाला. अप्पा निवृत्त झाले होते, तरी कचेरीवरची पाटी पुन्हा रंगवताना बघायला गेले. खाली उभं राहून रंगाऱ्याला म्हणाले, "जोडा, बिलकुल जोडा. पण खोलताना नंबर टाकले होते का?"

मी तराण्याहून कॉलेजसाठी उज्जैनला आलो. वडील शिलाईकाम करायचे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. अप्पांनी फ्रीगंजातल्या घराची पुढची खोली मला दिली आणि अभ्यासाला स्वतः केलेलं टेबल दिलं. ते अर्थातच सुटं व्हायचं, कधी कधी मी लिहीत असतानाच. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा अप्पांनी माझ्या वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं आणि माझे गुण तीनदा वाचून दाखवले. तिसऱ्यांदा वडील रडले, तेव्हा कुठे अप्पा थांबले. त्या दिवसापासून ते मला 'ग्रॅज्युएट' म्हणू लागले. मला नोकरी लागली तरी खोली सोड म्हणाले नाहीत, आणि मीही सोडली नाही.

अप्पांची पत्नी पूर्वीच वारली होती. एकुलती एक मुलगी कुसुम लग्न होऊन आफ्रिकेत गेलेली. मोंबासाहून आत कुठलंसं गाव; जावई तिथल्या शाळेत मास्तर. चार वर्षं दोघं एका गोदामामागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती. शाळेनं जावयांना जमिनीचा तुकडा देऊ केला, पण अट अशी की वर्षाच्या आत त्यावर घर उभं राहिलं पाहिजे, नाही तर जमीन परत. कुसुमनं लिहिलं, 'इथे कामाला माणसं मिळतात, पण घराचं जाणणारा सुतार मिळत नाही. राहू दे अप्पा, आम्हाला आता सवय झाली आहे.'

अप्पांनी पत्राची घडी केली. "सवय झाली म्हणते. मतलब त्रास आहे."

दुसऱ्या दिवशी अंगणात सागवान येऊन पडलं.

लोक लेकीला लोणच्याची बरणी पाठवतात. अप्पांनी घर पाठवायचं ठरवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पुढे ओसरी. सगळं खिळ्याशिवाय, बोल्टांवर. सिंहस्थाच्या वेळचा भेरूलाल मिस्त्री मदतीला. रतलामवरून मालगाडीनं मुंबई आणि तिथून बोटीनं मोंबासा, असा रस्ता ठरला.

"अप्पा, तुम्हीच का जात नाही बरोबर?" मी एकदा विचारलं.

"मला बोट लागते," अप्पा म्हणाले. राम घाटावरून पलीकडे जाणाऱ्या नावेपलीकडे त्यांनी बोट पाहिली नव्हती. पण शिप्रेच्या त्या एवढ्याशा पाण्यातही त्यांना मळमळायचं, हे खरं.

ग्रॅज्युएट असल्यामुळे कागदपत्रं माझ्याकडे आली. मुंबईच्या एजंटानं विचारलं, मालाचं वर्णन काय? अप्पा म्हणाले, "लिही, घर." एजंटानं उलट टपाली विचारलं, घर बोटीवर चढणार कसं? मग मी 'लाकडी सामान' असं लिहिलं. अप्पा दुखावले.

"सामान? उद्या मला जुनं सामान म्हणशील!"

शेवटी 'लाकडी सामानाचं घर' यावर आम्हा तिघांची तडजोड झाली.

घर कसं जोडायचं याची एक वही अप्पांनी कुसुमसाठी सांगितली आणि मी लिहून घेतली. ती अजून मला आठवते. 'खांब रोवण्याआधी जमीन पाणी घालून चोपून घ्यावी. हे तू करू नये, जावईबापूंना सांगावे.' 'खांबांच्या बुडाला डांबर दिले आहे, वाळवी लागणार नाही. वास आठ दिवसांत जातो. तुझे डोके दुखल्यास तेवढे दिवस ओसरीवर निजावे.' मी म्हटलं, "अप्पा, यात डोकेदुखी कशाला?" ते म्हणाले, "डोकं आहे म्हणून. पुढे लिही."

प्रत्येक फळीवर खूण रंगवायचं कामही माझंच. अप्पा सांगत, "डावी भिंत, एक. उजवी भिंत, एक." रंग वाचावा म्हणून मी डावीला 'डा' आणि उजवीला नुसता 'उ' लिहीत गेलो. एकशे चाळीस तुकडे झाले. मला माझ्या अक्षराचा अभिमान वाटत होता.

पाठवण्याआधी घर एकदा अंगणात उभं करून बघायचं, हा अप्पांचा मेळ्यातला नियम. भेरूलालनं दोन दिवस खपून ते पूर्वेला तोंड करून उभं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं आत शिरलो. स्वयंपाकघराचं दार बाहेर अंगणात उघडत होतं आणि ओसरीची खिडकी न्हाणीघरात.

"ये क्या कर दिया, भेरूलाल?" अप्पा ओरडले.

"साब, बाबूजी ने उ लिखा, मैंने उत्तर में लगा दिया। उ से उत्तर, और क्या? उज्जैन?"

"उजवी! अरे, दाहिनी!"

"तो किसकी दाहिनी? देखने वाले की?"

"घर की!" अप्पा उंबऱ्यात उभे राहिले, अंगणाकडे तोंड करून दोन्ही हात पसरले. "घर ऐसा खड़ा रहता है। हम को देखता है। ये उस का दाहिना हाथ!"

त्यांचा उजवा हात दक्षिणेकडे होता. पाच दिवसांनी वॅगन लागणार होती. हे असंच गेलं असतं तर तिकडच्या कामकऱ्यांनी कुठली भिंत कुठे लावली असती कोण जाणे. जमिनीची मुदत तेवढ्यात संपली असती. मी काहीतरी माफीचं बोलायला लागलो.

अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं, इथेच चुकलास. तिकडे चुकलं असतं तर पोरीनं कुणाला विचारलं असतं?" आणि लगेच, "चल, रंग आण. रडायला पुरं आयुष्य पडलंय."

माझ्या चुकीवर असं बोललेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. डावीला पिवळा पट्टा, उजवीला तांबडा, असे आम्ही सगळे तुकडे नव्यानं रंगवले. वही पुन्हा लिहिली. भेरूलालनं घर खोललं आणि परत जोडलं. त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी सगळी दारं जिथे उघडायला हवीत तिथे उघडली.

अप्पांनी ओसरीखाली जोडे काढले. एकटेच आत गेले. खिडक्या उघडल्या, मिटल्या. स्वयंपाकघरात चूल कुठे येईल तिथे जरा वेळ उभे राहिले. मग पुढच्या खोलीत भिंतीला टेकून खाली बसले. ऊन कडक होतं, म्हणून मी तांब्याभांडं घेऊन आत गेलो.

अप्पा उठले. माझ्या हातातलं भांडं घेऊन बाहेर आले, ओसरी उतरले आणि अंगणात उन्हात उभं राहून पाणी प्यायले.

"अप्पा, आत सावलीत बसून घ्या ना."

"लेकीचं घर आहे, ग्रॅज्युएट," ते म्हणाले. "तिला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नसतं."

पाणी आमच्याच विहिरीचं होतं. ते भांडं माझ्या हातात देऊन पुन्हा आत जाऊन बसले.

भेरूलाल पाना घेऊन आला. घर खोलून आजच बांधायला घ्यायचं होतं. त्यानं ओसरीच्या पहिल्या बोल्टला पाना लावला, तोच आतून अप्पांचा आवाज आला.

"जरा रुक, भेरूलाल. अभी तो आया हूँ।"