कायदा आवंढ्याचा

मन्मथअप्पांच्या दुकानात खेळायला बसायचं तर आधी बाहेर जाऊन तंबाखू थुंकून यावं लागे, आणि मग अप्पांना तोंड उघडून दाखवावं लागे. अप्पा चष्मा कपाळावर सरकवून आत नीट पाहत आणि म्हणत, "हं, बसा." हे सगळं पूजेच्या गांभीर्याने चाले. हसणाऱ्याला त्या दिवशी पत्ते मिळत नसत.

ही गोष्ट बीडमधली, दिल्लीत नवं आर्थिक धोरण आलं त्या वर्षांतली. त्या धोरणाने देशाचं काय केलं ते मला सांगता येणार नाही. आमच्या गल्लीत मात्र च्युइंगम आलं. प्रत्येक पुडीत एक रंगीत पत्ता निघे. राजा, वाघ, हत्ती, आणि नशीब जोरावर असलं तर एखादा 'थांब'. पोरांनी ते जमवायला सुरुवात केली, आणि पोरांना रागावता रागावता मोठी माणसं त्यात कधी अडकली ते कुणालाच कळलं नाही. मी टायपिंगचा क्लास चालवणारा, पन्नाशीकडे झुकलेला इसम. पण एका हत्तीसाठी मीही दुपारभर च्युइंगम चघळलेलं आहे. जबडा दोन दिवस दुखत होता.

खेळ सोपा. तुम्ही राजा ठेवला आणि मी वाघ टाकला, की वाघ राजाला खाणार. पण तुमच्याजवळ 'थांब' असेल, तर तो खाली ठेवून तोंडानेही "थांब" म्हणायचं. मग वाघ मुकाट्याने परत. भांडणं व्हायची ती एवढ्यावरूनच, की थांब वेळेत आला की वाघाचं जेवण उरकल्यावर?

बाकी गल्लीत नियम असा होता, की वाघावरचा हात उचलला की संपलं. अप्पांना तो मंजूर नव्हता. त्यांचा कायदा म्हणजे समोरच्याने आवंढा गिळेपर्यंत वाट पाहायची.

"घाई कावून करायलाव? समोरच्याला बी तोंड हाय. आवंढा तर गिळू द्या त्याला."

या कायद्यातली पळवाट सलीम टेलरने शोधली. तंबाखू धरलेला माणूस आवंढा गिळतच नाही, हे अप्पांच्या ध्यानात आलं नव्हतं. आपला राजा धोक्यात आला की सलीमभाई गाल फुगवून छपराच्या पत्र्याकडे बघत बसे. आम्ही ताटकळत असू. साखर मागणारं गिऱ्हाईक कंटाळून शेजारच्या दुकानात जाई. थुंकून येण्याचं कलम लागलं ते तेव्हापासून. आणि तोच सलीमभाई वाघ टाकायची पाळी त्याची असली की आरडाओरडा करी.

"अप्पा, वाघानं राजा खाऊन ढेकर दिला, आता कसला थांब?"

"ढेकर दिला तरी थांबायचं. थांबणं काय लई अवघड हाय का?"

अप्पांना आम्ही हसत असू, पण मागे. तोंडावर हसवत नसे, कारण दुकानाच्या आतल्या खोलीत गंगाकाकू होत्या. सहा-सात महिन्यांपूर्वी काकूंच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात गेला, आणि बोलणंही गेलं. एकेकाळी या बाईंचा आवाज ऐकून भाव करणारं गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरायचं. आता त्या बघत, आणि अप्पा त्या नजरेवरून सगळं ओळखत.

एकदा तूरडाळ जोखता जोखता अप्पा मला म्हणाले, "डॉक्टर म्हनला, आवाज शाबूत हाय, शब्द अडकलाय. तुमी न सांगता ओळखताव, म्हणून त्या बोलंनात. आता मास्तर, तिनं तांब्याकडं बघितलं तर मी काय तिला तहानलेली ठेवू? न्हाई जमत मला. पत्त्यात जमतं. दुपारी तिच्यासंगं खेळतो, तवा तिनं आवंढा गिळंस्तोवर तोंडच्या 'थांब'ची वाट बघतो."

म्हणजे तो कायदा आत, काकूंच्या खाटेजवळ जन्मला होता. घरात एक आणि दुकानात एक असे दोन कायदे ठेवणं अप्पांना पटेना, म्हणून आम्हा धडधाकटांनाही तो लागू झाला.

"उद्यापासून दुपारी तुमी या," ते म्हणाले. "वाट बघणं जमतं, पण तिच्यावर वाघ टाकायचं म्हणलं की माझा हात मागं येतोय."

मी जाऊ लागलो. रोज काकू 'थांब' खाली ठेवत, ओठ हलवत, आणि शब्द येत नसे. रोज राजा जाई. मला ते बघवत नव्हतं.

त्या दिवशीही मी वाघ टाकला. काकूंनी डाव्या हाताने 'थांब' ठेवला आणि अप्पांकडे पाहिलं.

"तोंडानं," अप्पा म्हणाले.

काकूंनी बोटाने पत्ता पुढे ढकलला. पुन्हा ढकलला. मग त्यांचा गळा हलला. मी न राहवून माझा वाघ उचलायला गेलो, तर अप्पांनी माझं मनगट धरलं.

"न्हाई मास्तर. आवंढा गिळला तिनं. राजा गेला."

त्यांनी काकूंचा राजा उचलून माझ्या ढिगात टाकला. सकाळीच याच हातांनी त्यांनी काकूंची वेणी घातली होती. वाकडीतिकडी होती ती, पण घट्ट होती.

काकूंचा चेहरा लाल झाला. ओठांची एक बाजू थरथरली, दुसरी जागची हलेना. घशातून घरघर आली. मी घाबरून उठलोच.

"ल… लबाड!"

अप्पा खाटेच्या कडेवर बसले. "काय म्हणलीस?"

"लबाड," काकू म्हणाल्या. या वेळी स्पष्ट.

मी मूर्ख माणूस. सवयीने बोलून गेलो, "पण अप्पा, नियमात शब्द 'थांब' आहे."

"चुलीत घाला तुमचा नियम!" अप्पा ओरडले. ते रडत होते, आणि ते लपवायची त्यांना शुद्ध नव्हती. "लबाडच हाय मी. लई लबाड हाय. अजून म्हण."

काकूंना त्यात रस दिसला नाही. त्यांनी डावा हात लांबवून माझ्या ढिगातून आपला राजा काढून घेतला, समोर ठेवला, आणि अप्पांचे डोळे पुसून होईपर्यंत त्या शांतपणे थांबून राहिल्या.