उताणे शांतवनभाऊ

आमच्या सावेडीच्या फ्लॅटची वास्तुशांत होती त्या दिवशी शांतवनभाऊ पहिल्यांदा आमच्या घरी आले. चपला काढल्या, आणलेलं भिंतीवरचं घड्याळ माझ्या हातात दिलं, पाणी प्यायले आणि भरल्या हॉलच्या मधोमध फरशीवर सरळ उताणे पडले. पाहुण्यांत एकच गोंधळ उडाला. कुणी म्हणे चक्कर आली, कुणी म्हणे शुगर कमी झाली. माझ्या नणंदेने स्वयंपाकघरातून फोडलेला कांदा आणून त्यांच्या नाकाला लावला. भाऊंनी तो सौम्यपणे बाजूला केला आणि म्हणाले, "मला काय न्हाई झालं. छत बघतोय."

मग उठले, सदरा झटकला आणि आमच्या नव्याकोऱ्या पीओपीवर निकाल दिला. "बर्फी हाय. वर्ख लावलेली."

ते डिझाइन आमच्या ह्यांनी दोन महिने मोबाईल चिवडून पसंत केलं होतं. त्यानंतर बरेच दिवस हे जिन्यात भाऊ दिसले की मान खाली घालून जायचे. पण खरं सांगते, तेव्हापासून मलाही आमचं छत बर्फीसारखंच दिसतं. माणूस एकदा खरं बोलला की ते डोक्यातून पुसता येत नाही.

शांतवनभाऊ आमच्या समोरच्याच दारात राहतात. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त. बायको मार्थाबाई काही वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी पुण्याला असते, रविवारी फोन करते. जन्मभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यामुळे भाऊंची सगळी भाषाच चिठ्ठीवरची झाली आहे. सोसायटीच्या मीटिंगला जायचं तर ते "जेवणानंतर"च, उपाशीपोटी नाही. माझ्या भाच्याचं लग्न ठरत होतं तेव्हा त्यांनी मला जिन्यात थांबवून बजावलं, "स्थळ आवडलं ना? आधी नीट हलवून घ्या. तळाला काय बसलंय ते वर येऊ द्या, मग सही करा." आम्ही हलवलं. तळाला बरंच काही बसलं होतं. भाचा अजून भाऊंच्या पाया पडतो.

पण त्यांचं मुख्य वेड म्हणजे छत. केडगावच्या एका मंगल कार्यालयात ते ऐन मंगलाष्टकांच्या वेळी मांडवात आडवे झाले, आणि निम्म्या वऱ्हाडाने त्यांच्यावरच अक्षता टाकल्या. एकदा बँकेत पडले तर वॉचमनने उचलून बाहेर बाकावर नेऊन बसवलं. हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी डबा घेऊन गेले होते. मला वाटलं, आता तरी हक्काने उताणं पडायला मिळालंय, खुशीत असतील. तर चेहरा उतरलेला. म्हणाले, "वहिनी, दवाखान्यात माणूस दिवसभर वर बघत पडतो अन् वर काय? नुसता पांढरा चुना. कुणी एक पाखरू तरी काढावं का नको?" मी हसले खरी, पण घरी येताना ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

त्याच डब्याच्या दिवसांत मी त्यांना विचारलं, की हे छताचं खूळ आलं कुठून. तेव्हा करंजवाडी निघाली.

करंजवाडी म्हणजे भाऊंचं गाव. राहुरीच्या पुढे, आता धरणाच्या पोटात. भाऊ लहान असतानाच गाव उठलं, घरं बुडाली. गावचं चर्च तेवढं टेकाडावर होतं म्हणून राहिलं, आणि टेकाडाचं बेट झालं. चर्च मिशनच्या काळातलं, दगडी. त्याचं लाकडी छत मात्र गावाने पुढे रंगवून घेतलं, नगरच्या एका पेंटरकडून. तो पेंटर मोहरमचे ताबूत रंगवायचा आणि दुकानांच्या पाट्या. देवदूत त्याने जन्मात पाहिलेले नव्हते. चर्चच्या पाळकबुवांनी त्याला सांगितलं, माणसंच असतात, फक्त पंखवाली. मग तो गावात मुक्कामाला राहिला, रोज एकाला समोर बसवायचा आणि वर जाऊन त्याला पंख लावायचा. असं सगळं गाव छतावर गेलं.

"माझी आई बी वर हाय," भाऊ म्हणाले. "तिचा फोटो न्हाई, वहिनी. एकबी न्हाई. मी लहान हुतो तवाच गेली. तोंड आठवत न्हाई. जे हाय ते तिथं वर हाय."

दरवर्षी सुगीच्या सणाला, नवी ज्वारी घरात आली की करंजवाडीची पांगलेली माणसं नगर, पुणे, श्रीरामपूर, असतील तिथून येतात आणि होडीने बेटावर जातात. उपासना होते, आणि मग या चर्चची एक रीत आहे जी मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. सगळे सतरंज्या अंथरतात आणि उताणे पडतात. एक जण लांब बांबू घेऊन उभा राहतो आणि छतावरचं एकेक माणूस नावानिशी सांगतो. आधी हे काम भाऊंचे चुलते करायचे. ते गेल्यापासून भाऊ करतात. त्यांच्यानंतर कोण, हे कुणाला ठाऊक नाही. मार्थाबाई दरवर्षी सोबत जायच्या. या वर्षी भाऊंनी आम्हा दोघांना विचारलं. आमच्या ह्यांनी होडीचं नाव ऐकताच गुडघे दुखत असल्याचं जाहीर केलं. मी निघाले.

धरणाच्या फुगवट्यावर मासे धरायची होडी होती आणि तिला सगळ्या माशांचा वास होता. भाऊ पुढे बसून पाण्याकडे बोट दाखवत होते. ही शाळा. हा गेनूचा मळा. ही आमची गल्ली, इथं जरा हळू घ्या. होडीवाल्याने खरंच इंजिन हळू केलं. मी वाकून पाहिलं तर खाली हिरवं पाणी, दुसरं काही नाही. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी मात्र डोक्यावरचा पदर सारखा केला, गल्लीतून जाताना करावा तसा.

बेटावर बाभळी आणि त्यांच्यामधे ते चर्च. बाहेरून एखाद्या जुन्या शाळेसारखं दिसतं, कौलारू आणि गप्प. दारात भाऊंनी मला थांबवलं आणि पडल्याशिवाय वर बघायचं नाही असा दम भरला. मी इस्त्रीची साडी नेसून आले होते. मनात म्हटलं, साठीच्या बाईला हे काय खेळ लावले आहेत. पण मान खाली घालून आत गेले, उपासनेला बसले, आणि शेवटचं गाणं झाल्यावर सगळ्यांबरोबर सतरंजीवर आडवी झाले. डोळे उघडले.

ते कसं सांगू? मी अजिंठा पाहिला आहे, मोठमोठी देवळं पाहिली आहेत. तिथे मी उभी राहून पाहिलं, गाईड बोलत असताना, पर्स सांभाळत. इथे मी पडून होते आणि एक अख्खं गाव माझ्यावर ओणवून मला बघत होतं. निळीच्या रंगाचं आकाश, आणि त्यात पटके बांधलेले, मिशा पिळलेले देवदूत. नऊवारी लुगड्यातल्या देवदूत. एकीच्या कडेला पोर. पंख तर पेंटरने जे पाहिले होते तेच लावले होते. कुणाला घारीचे, कुणाला पोपटाचे, एका जाडजूड पाटलाला चक्क कोंबड्याचे. नोहाच्या तारवातून दोन खिलारी बैल आणि एक शेळी डोकावत होती. मला आधी हसू आलं.

आणि मग ते हलले. खरंच हलले. बाहेर उन्हात पाणी चमकत होतं, त्याची तिरीप खिडक्यांतून वर छतावर पडत होती आणि लाटेबरोबर सरकत होती. लुगड्यांचे काठ हलत होते, पंख उघडत-मिटत होते, चेहऱ्यांवरून उजेड जात-येत होता. शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "धरण व्हायच्या आधी ही हलत न्हवती." ज्या पाण्याने गाव बुडवलं तेच पाणी त्याला वर हलवत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि उताणी असल्यामुळे ते थेट कानात गेलं. पुसायचंही भान राहिलं नाही.

भाऊ बांबू घेऊन उभे होते. हा तुकाराम सुतार, झोपेत बोलायचा. ही कोंडाबाई, हिच्यासारखी भाकरी दोन गावांत नव्हती. जिन्यातले, बँकेतले, सगळ्यांनी हसण्यावारी नेलेले शांतवनभाऊ ते नव्हतेच. आवाज खाली आला होता, घाई नव्हती. मागच्या भिंतीकडे पाणी मुरून फळ्या काळ्या पडल्या होत्या, तिथे काहीच दिसत नव्हतं. बांबू तिथेही थांबला. "इथं दगडू गवंडी हुता. त्याची बायको सखू. शेजारी म्हादू. आता दिसत न्हाईत, पण हायेत." मग बांबू पूर्वेच्या खिडकीवर आला आणि त्याचं टोक थरथरायला लागलं. तिथे एक तरुण बाई होती. सावळी, सूप धरलेली, पंख पोपटाचे. पाखडता पाखडता कुणीतरी हाक मारली म्हणून तिने वर बघितलं असावं, असा चेहरा. भाऊ एवढंच म्हणाले, "ही आमची आई." बांबू भिंतीला टेकवला आणि तिच्या बरोबर खाली, आपल्या ठरलेल्या जागी, सतरंजीवर पडले. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, इतकं ते लहान झालं होतं.

तेवढ्यात दुसरी होडी आली. त्यातून एक बाई मुलाचा हात धरून आत आल्या. भाऊंपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असतील. नाव रूथबाई, जालन्याकडून आल्या होत्या. एसटी वाटेत बंद पडली म्हणून उशीर झाला होता. त्या दारातच उभ्या राहून सांगू लागल्या, की मी इथलीच, माझ्या जन्माच्या वेळीच आई गेली, मावशीने मला नेलं. मावशी म्हणायची, तुझ्या आईला चर्चात वर रंगवलंय. आजवर यायला जमलं नाही. आता गुडघे पुरते जायच्या आत एकदा आईचं तोंड बघू द्या.

भाऊ उठून बसले. वडलांचं नाव काय, विचारलं.

"दगडू गवंडी," बाई म्हणाल्या. "आई सखू."

त्या काळ्या फळ्या आम्ही सगळ्यांनी आत्ताच पाहिल्या होत्या. भाऊंनी बांबू उचलला, मागच्या भिंतीच्या दिशेने दोन पावलं गेले आणि थांबले. मग वळले, परत पूर्वेच्या खिडकीपाशी आले आणि बांबू वर केला. या वेळी तो थरथरला नाही.

"ही," ते म्हणाले. "सूप घेतलेली. ही तुमची आई. या, इथं पडा, इथनं नीट दिसती."

आणि आपली सतरंजी त्यांनी तिच्यासाठी सारखी केली.

दर वर्षी त्या बाईला भाऊंची आई म्हणून बघणारी सगळी म्हातारी माणसं तिथे पडलेली होती. एकाने शब्द काढला नाही. माझ्या शेजारच्या म्हातारीने डोळे मिटले आणि पदर तोंडाला लावला. रूथबाई मुलाच्या आधाराने खाली बसल्या, हळूहळू पाठ टेकली आणि वर बघितलं. बऱ्याच वेळाने मुलाला म्हणाल्या, "नाक माझंच हाय बघ." मुलगा हो म्हणाला.

भाऊ बाहेर पायरीवर जाऊन बसले होते. मी त्यांच्यामागे गेले. मला रागही आला होता आणि रडूही. मी म्हटलं, भाऊ, वर्षातून एकदा भेटते ती तुम्हाला. आता इथे सगळ्यांसमोर तिला आई म्हणता यायचं नाही.

"सखू गेली तवा ही दीस-दोन दिसांची असंल," ते म्हणाले. "मावशी यायला वेळ लागला असंल ना, वहिनी? तवर गावातल्या बायांनीच पाजली असणार. आमच्यात माझ्या पाठचं पोर तवा अंगावर पीत हुतं. म्हंजी आईला दूध हुतं." मग म्हणाले, "मला ठाव न्हाई. पन मी ओळखतो तिला. तिनं न्हाई म्हटलं नसंल."

मीही तिथेच पायरीवर बसून राहिले.

दुपार कलली तशा होड्या निघाल्या. रूथबाईंना लांब जायचं होतं म्हणून त्यांना पहिल्या होडीत बसवलं. भाऊ काठावर, पाण्यात पाऊल भिजवत उभे होते. इंजिन सुरू झालं तशी बाईंनी तिथूनच हाक दिली. म्हणाल्या, "भाऊ, तुमी दरसाल येता न्हवं? माझ्या आईवर कोळ्याची जाळी धरू देऊ नका."

सकाळपासून भाऊ त्यांना अहो-जाहो करत होते. आता त्यांनी हात वर केला, आणि गावाहून सासरी निघालेल्या धाकट्या बहिणीला सांगावं तसं म्हणाले, "तू जा निवांत. आईकडं मी बघतो."