एडनच्या धक्क्यावरची दुरुस्ती

ज्या देशाचा नकाशा आटतो, त्या देशाच्या गुप्तहेराची छाती रुंद होते, हा निसर्गनियम आहे. आम्ही लंडनचे प्रकाशक याच नियमावर पोट भरतो. सुएझ गेलं, तेव्हा आमच्या नायकाला वेगवान मोटार मिळाली. सायप्रस गेलं, तेव्हा त्याला वाइनची चव कळू लागली. पौंड घसरला आणि मोटारीला पंख फुटले. (हातून जायला आणखी चार वसाहती शिल्लक असत्या, तर तो अमर झाला असता.)

अशा भरभराटीत ऑब्री टॅलिस आमच्याकडे कादंबरी घेऊन आला. हा इसम खरोखरचा गुप्तहेर होता. म्हणजे हेरकथेतलं त्याला काडीचं कळत नव्हतं. अरबस्तानातली एडनची वसाहत सोडताना आपल्या लोकांनी काय केलं, ते त्याने जसंच्या तसं लिहिलं होतं. त्याचा नायक चहा पितो, पंखा दुरुस्त व्हायची वाट बघतो, कागद जाळतो. त्याला बाँबपासून वाचवणारा त्याचा दुभाषी, सालेह बावझीर, बायकोमुलीला घेऊन धक्क्यावर उभा असतो. बोटीत जागा असते. वरून हुकूम नसतो. बोट सुटते. संपलं.

आमच्या संचालिका हिल्डा मॉसक्रॉप यांनी चष्मा काढला.

"अहो ऑब्री, हे कोण वाचणार?"

"घडलं तसं लिहिलंय, बाई."

"घडलेलं लोकांनी पेपरात वाचलंय की! पुन्हा तेच दुखणं कोण विकत घेईल? त्या दुभाष्याला वाचवा."

"मी नाही वाचवलं त्याला."

"मग आता वाचवा. आता कोण अडवतंय?"

टॅलिस तडक निघून गेला. तुटपुंजी पेन्शन आणि लंडनची थंडी यांनी त्याला परत आणलं. नव्या मसुद्यात नायक चालत्या बोटीवरून उडी मारतो, पोहत धक्का गाठतो, डझनभर बंडखोर लोळवतो आणि सालेहला कुटुंबासकट इंग्लंडला आणतो. सालेह त्याचा हात डोळ्यांना लावून म्हणतो, "साहेब, तुमच्यामागे आमच्या देशाचं कसं होणार?" हे वाक्य माझं. टॅलिसने ते दरवेळी खोडलं, मी दरवेळी घातलं. वाचक सर्वांत जास्त तिथेच रडले.

पुस्तक धडाधड खपलं. एका खासदाराने एडनच्या माघारीतलं शौर्य म्हणून सभागृहात त्याचा दाखला दिला. (कोणी हसलं नाही. आमची लोकशाही जुनी आहे.)

मग पिकॅडिलीजवळच्या एका दुकानात सह्यांचा कार्यक्रम झाला. रांगेत काळ्या कोटातली एक तरुणी होती. तिच्या हातात पुस्तक नव्हतं.

"टॅलिसकाका, मी नादिया. सालेहची मुलगी. इथेच, उत्तरेला साउथ शील्ड्सला मामाकडे असते."

टॅलिसचं पेन थांबलं. "सालेह कुठाय?"

"तुमची बोट दिसेनाशी झाली आणि बाबांना नेलं. जिवंत नाहीत, एवढंच कळलं. आई म्हणते, कुठे पुरलं ते तुमच्या खात्याला ठाऊक असेल. तेवढं विचाराल?"

मागच्या हॅटवाल्या बाई कळवळल्या. "अगं, वाचतो ना तो! शेवटच्या प्रकरणात आहे बघ."

"शेवट कशाला फोडता हो?" त्यांच्यामागचे गृहस्थ चिडले. "माझं वाचायचं राहिलंय!"

टॅलिस उठला. "ही खरं सांगतेय. मी बोटीत बसून होतो. जागचा हललोसुद्धा नाही."

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. खऱ्या वीराचा विनय लोकांना फार भावतो.

टॅलिसने नादियाचा हात धरला आणि तो मागच्या दाराने निघून गेला. त्यानंतर कित्येक सकाळी ती दोघं त्याच्या जुन्या खात्याच्या बाकावर बसून राहिली. शेवटी एक तरुण अधिकारी बाहेर आला. सालेह बावझीर नावाचं कोणी आमच्याकडे कधीच नव्हतं, असं त्याने आदबीने सांगितलं आणि सहीसाठी कादंबरी पुढे केली. टॅलिसने शेवटचं प्रकरण टरकावून काढलं, उरलेलं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. (फाटक्या प्रती आम्ही बदलून देतो.)

कबर सापडली का, विचारता? सापडली हो. टेकडीवर आहे, तिथून समुद्र दिसतो. टॅलिसने आणि नादियाने मिळून तिच्यावर फुलं वाहिली.

बरं वाटलं ना? हा शेवटही माझाच. गिऱ्हाईक ओळखण्यात आम्ही सहसा चुकत नाही.