रघूत्तमास पानावर बोलाविल्याचा वृत्तांत

श्रीकुंभेश्वरचरणी माथा ठेवोन, तंजावरचे तख्त बुडाले तरी ज्यांचा तोरा बुडाला नाही त्या आपल्याच लोकांची हकीकत लिहिली जाते. हसू आल्यास खुशाल हसावे, आम्हीही त्यांतलेच.

इंग्रज बहादुराचे अमलात कुंभकोणम् शहरी राजमान्य राजश्री सेतुराव मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवीत. वाडवडील दरबारी पंखा ढाळीत की पिकदाणी धरीत याचा निवाडा जाहला नाही, परंतु मिजाज सरलष्कराचा. त्यांचे चिरंजीव रघूत्तम वकिलीचे शिक्षण टाकोन शेजारील दारासुरम गावी रेशमाचे मागावर बसू लागले, सबब मास्तरांची मर्जी खप्पा जाहली. आपल्या लोकांत घरी मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, ऐसा शिरस्ता. मास्तरांनी पुत्राशी घरात तमिळ बोलणे सुरू केले, तेही अहो-जाहो करोन, जैसे तहसिलदाराशी बोलावे. वार वर्मी लागला. मातोश्री विशालाक्षीबाई रडल्या, आणि चिरंजीवांनी शुक्रवारी बिऱ्हाड कायमचे दारासुरमास हलविण्याचा मनसुबा केला.

ऐशा समयी मास्तरांनी वरचे वर्गावर मोहीम काढली. हत्यार म्हणजे एक इंग्रजी कादंबरी: व्यापाऱ्याचा पोर पेढी सोडोन होड्या बांधू लागतो, बाप दार लावितो, आणि पोर जाणता होऊन एके सांजेस उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. माणूस आहे तैसा पदरी घ्यावा हे मुलांनी शिकावे, हा मतलब. आपण शिकावे, हा मतलब नव्हता. गुरुवारी मास्तर उपरणे सावरोन त्या बापाचा ऐसा धिक्कार करिते जाहले की हातचा खडू मोडला आणि पिछाडीचे झोपलेले शिलेदार जागे जाहले. मग हुकूम सुटला की, दारातल्या पोरास बापाने काय बोलावे ते सांगावे. कोणी क्षमेचे भाषण केले, कोणी आसवांचा पूर आणिला. शेवटी मरुदानल्लूरचा वेंकटेश उठोन अर्ज करिता जाहला की, एवढे कशास, बापाने रोजच्यासारखी जेवायला हाक मारावी, पोरास सारे कळेल.

मास्तरांनी पुस्तक मिटले. घंटेआधीच वर्ग सुटला.

घरी ओसरीवर चिरंजीवांची ट्रंक बांधोन तयार. मास्तर चौकटीत उभे राहोन, छाती भरोन, हाक देते जाहले आणि सवयीने तोंडातून तमिळच निघाले, "साप्पिड वांगो!", म्हणजे आपण जेवावयास यावे. चिरंजीव पाहुण्यासारखे अदबीने उठले. मास्तर कच खाऊन स्वयंपाकघरात पळाले. तेथे विशालाक्षीबाईंनी पळी उगारोन फर्मान दिले की, फिरोन जावे, नाहीतर आज चूल विझेल. मग दुसरा हल्ला जाहला. मास्तर पुन्हा चौकटीत उभे राहिले.

"रघू, जेवाला ये रे."

चिरंजीव ट्रंकेवरच बसले आणि लहान पोरासारखे रडले. मास्तरही रडले, उपरणे भिजले, भात निवाला.

शुक्रवारी रघूत्तम दारासुरमास मागावर गेले आणि सांजेस घरी आले. येणेप्रमाणे सेतुराव मास्तर आपल्याच स्वयंपाकघराचे दारी फत्ते पावले. लढाईत एक खडू कामास आला. रघूत्तमांनी भात दुसऱ्यांदा मागितला, मास्तरांनी स्वहस्ते वाढला आणि जास्त खातोस म्हणोन मराठीत दटाविले, हे दफ्तरी दाखल.